मधोमध की डावीकडून? (यान चिखोल्ड आणि आमच्या वाचनालयाची स्मरणिका)

अनुस्वार
नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या वाचनालयाला ७५ वर्षं होतायत. स्मरणिका काढायचं ठरलं आणि "तुला कॉम्प्युटर येतो ना?" एवढ्या एका पात्रतेवर मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलं. मी काय केलं, सगळा मजकूर डाव्या बाजूला एका उभ्या रेषेत लावला. वर वाचनालयाचं नाव ठसठशीत, मग भरपूर मोकळी जागा, खाली कोपऱ्यात सालं. वेलबुट्टी नाही, चौकट नाही, वीणा घेतलेली सरस्वती नाही. समितीने पाहिलं. बराच वेळ कोणी काही बोलेना. मग खजिनदार म्हणाले, "उजवीकडचं छापायचं राहिलंय का?"

तेव्हापासून 'मधोमध घ्या' असा धोशा चाललाय. मी चिडून शोधायला बसले की हे डावीकडून लावायचं खूळ मुळात कोणाचं. शोधता शोधता यान चिखोल्ड नावाचा जर्मन अक्षरमांडणीकार भेटला आणि प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढला.

गोष्ट अशी. लाइपझिगच्या एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा हा मुलगा, जन्म १९०२. सुलेखन शिकला, ते शिकवायलाही लागला, वळणदार अक्षरांत जाहिराती लिहून द्यायचा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये वायमारला बाऊहाऊसचं (नव्या विचारांची कला-डिझाइनची शाळा) प्रदर्शन पाहून आला आणि पार पालटला. १९२५ च्या ऑक्टोबरात छपाईवाल्यांच्या एका व्यावसायिक मासिकाचा विशेषांक त्याने संपादित केला. रशियन मंडळींच्या प्रेमात त्यावर स्वतःचं नाव 'इवान' असं घातलं. १९२८ मध्ये 'दि नॉये टिपोग्राफी' (नवी टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची नवी मांडणी) हे पुस्तक आलं, तेव्हा वय २६. त्यात मधोमध मांडणीला त्याने धू धू धुतलंय. मजकूर काय सांगतो ते न बघता आधीच एक साचा ठरवायचा आणि शब्द त्यात कोंबायचे, हा त्याचा मुख्य आक्षेप. अक्षरं साधी हवीत, सेरिफ (म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांच्या शेपट्या) नकोत, कागद ठरलेल्या मापाचा हवा, मोकळी जागा हीसुद्धा मांडणीच.

मार्च १९३३ मध्ये नात्झींनी त्याला पकडलं. घरात सोव्हिएत पोस्टर्स सापडली होती. काही आठवड्यांनी सुटला आणि बायको-मुलासकट स्वित्झर्लंडला, बाझलला गेला. आणि तिथे जाऊन, दहा-बारा वर्षांच्या आत, हाच बाबा सेरिफवाल्या अक्षरांत, मधोमध मांडणीची, जुन्या वळणाची पुस्तकं करू लागला! १९४६ मध्ये माक्स बिल या स्विस कलावंताने त्याला जाहीरपणे झोडपलं. त्यावर याचं उत्तर असं, की नव्या टायपोग्राफीतला तो असहिष्णू हट्ट आणि लष्करी शिस्तीचा सोस ज्या जर्मन वृत्तीतून आला, तिच्यातूनच हिटलर आणि युद्ध आलं.

आता मी कोणाचं ऐकू? २६ वर्षांच्या चिखोल्डचं की ४४ वर्षांच्या?

चकटफू
खजिनदारांचं ऐका. पैसे त्यांच्याकडे आहेत.

वाचकमात्र
मस्त धागा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

शंकासुर
पहिली शंका उच्चाराची. चिखोल्ड, चिशोल्ड की चिहोल्ट? नाव नीट लिहिता येत नसेल तर पुढच्या चर्चेत अर्थ नाही.

बाझलवासी
शंकासुर, सगळंच बरोबर आणि सगळंच चूक. लाइपझिगच्या जर्मनमध्ये मधला वर्ण 'ह' आणि 'श' यांच्या मध्ये कुठेतरी येतो, तो देवनागरीत लिहिताच येत नाही. पण इथली स्विस मंडळी तिथे घसा खरवडून सरळ 'ख' म्हणतात. त्याने आयुष्याची बरीच वर्षं इकडे काढली, तेव्हा ताईंचा 'चिखोल्ड' चालवून घ्या.

जाता जाता, माझ्या घरापासून ट्रामने गेलं की म्युन्शेनश्टाइन लागतं. हास नावाची टाइप फाउंड्री (छपाईची अक्षरं ओतणारा कारखाना) तिथली होती. तिचा संचालक एडुआर्ड होफमान आणि तिथेच पूर्वी विक्रेता असलेला माक्स मीडिंगर, या दोघांनी १९५७ मध्ये 'नॉये हास ग्रोटेस्क' हा टाइप (म्हणजे अक्षरांचा घाट, फाँट) काढला. समोर ठेवला होता १८९८ चा बर्लिनचा जुना 'आक्त्सिडेन्त्स ग्रोटेस्क'. १९६० मध्ये जर्मनीत खपवायला सोपं नाव हवं म्हणून कोणीतरी 'हेल्वेटिया', म्हणजे स्वित्झर्लंडचंच लॅटिन नाव, सुचवलं. होफमान म्हणाला, त्या नावाचं शिलाई मशीन आहे बाजारात. म्हणून 'हेल्वेटिका'. जगातल्या निम्म्या कंपन्यांचे लोगो ज्या अक्षरात आहेत ती थोडक्यात शिलाई मशीनची बहीण होता होता वाचली.

सरळसोट
विषयावर येतो. ताई, डावीकडूनच. कारण साधं आहे. ओळ संपली की डोळा परत मागे येतो, तो दर वेळी त्याच जागी यायला हवा. मधोमध मांडणीत प्रत्येक ओळीचा आरंभ वेगळीकडे. पत्रिकेच्या चार ओळींना चालतं, मजकुराला नाही.

आणि स्विस लोकांनी हे नुसतं मत म्हणून ठेवलं नाही, त्याची पद्धत बसवली. झुरिकचा योझेफ म्युलर-ब्रॉकमान घ्या. पानाला आधी अदृश्य चौकोनांची जाळी पाडायची, मग मजकूर, फोटो, मथळा, सगळं त्या जाळीला धरून. टोनहाले सभागृहासाठी त्याने केलेली संगीताची पोस्टर्स बघा, १९५५ चं बेटहोवेनचं तर नुसत्या कमानींचं आहे, तरी वाद्यवृंद ऐकू येतो. १९५८ मध्ये तो आणि आणखी तिघांनी 'नॉये ग्राफिक' मासिक काढलं, तेही याच शिस्तीत. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्रुटिगर या स्विस माणसाने 'युनिव्हर्स' हा टाइप काढला, २१ प्रकार, आणि त्यांना ठळक-बारीक अशी नावं न देता दोन आकडी नंबर दिले. मला तर हे वाचूनच शांत वाटतं.

चकटफू
@सरळसोट, तुमच्या घरच्या चमच्यांनाही नंबर असतील.

सरळसोट
ड्रॉवरना आहेत.

तिरपी_रेघ
(मी उपयोजित कला शिकले आहे, पोटासाठी पॅकेजिंग करते.)

सरळसोट यांचं रोमनपुरतं खरं. पण ताईंची स्मरणिका मराठीत आहे हे कोणी लक्षात घेणार की नाही? रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली दांडीवर वाळत घातलेली असतात. शिरोरेखा ही आधीच एक आडवी पट्टी आहे. त्यामुळे स्विस पोस्टरात जो परिणाम अक्षरं सुटी सोडून मिळतो तो आपल्याकडे मिळत नाही. अक्षरांमधलं अंतर जरा वाढवा, शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळी घट्ट बसवा, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. हेल्वेटिकाचं जाळीदार सौंदर्य देवनागरीत आणायचं तर जाळीच वेगळी पाडावी लागते.

आणि हे प्रश्न आपल्याकडे कोणाला पडलेच नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६५ मध्ये बाझलचे आर्मिन होफमान येऊन शिकवून गेले (हे वरच्या फाउंड्रीवाल्या होफमानहून वेगळे). साठच्या दशकात फ्रुटिगरही आले. तिथले महेंद्र पटेल बाझलला शिकले, पॅरिसला फ्रुटिगरकडे काम केलं, आणि आयुष्यभर भारतीय लिप्यांच्या टाइपवर राहिले. आपल्या मुंबईचे सुधाकर नाडकर्णी जे.जे.तून जर्मनीत उल्मच्या डिझाइनच्या शाळेत गेले, परत येऊन पवईला आयआयटीत १९६९ मध्ये आयडीसी हे डिझाइनचं केंद्र उभं केलं. पुढे र. कृ. जोशी तिथेच शिकवायला आले. तुम्ही विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या 'मंगल'मध्ये मराठी वाचलंत तो त्यांचाच.

शंकासुर
म्हणजे मंगल वाईट दिसतो त्याला स्वित्झर्लंड जबाबदार?

तिरपी_रेघ
मंगल वाईट दिसत नाही. त्या काळच्या पडद्यावर, मूठभर ठिपक्यांत जोडाक्षरं वाचता यावीत म्हणून केलेला टाइप लोकांनी उचलून लग्नाच्या फ्लेक्सवर दोन फुटी लावला, त्याला जोशीसर काय करणार? असो, हा माझा दुखरा कोपरा आहे. थांबते.

खिळे_जुळवा
मुलांनो, चर्चा वाचली. मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली, पैकी पहिली वीस खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्यात. माझ्यापुरतं सांगतो.

मधोमध ओळ म्हणजे काय, हे कॉम्प्युटरवाल्यांना एक बटण वाटतं. आमच्याकडे ओळ स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) जुळवायची, मग उरलेली जागा मोजून दोन्ही बाजूंना सारखी क्वाडं (कोरे खिळे) भरायची. एकीकडे जरा जास्त गेलं की मालक लांबूनच ओळखायचे. डावीकडून लावलेली ओळ म्हणजे सगळी क्वाडं एकाच अंगाला, काम निम्मं. त्यामुळे तुमचा तो चिखोल्ड छपाई कामगारांच्या मासिकात लिहायचा, यात मला नवल वाटलं नाही. तिकडच्या जुळाऱ्याला ते पटलं असणार. त्यात आमच्या केसमध्ये (खिळ्यांच्या खणांच्या पेटीत) खिळे शेकड्यांनी. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा लावलेली, रफार असलेली. इंग्रजी जुळारी उभ्या जागी काम करायचा, आम्ही केसभोवती प्रदक्षिणा घालायचो.

पण गिऱ्हाईक? एकालाही डावीकडून चाललेलं मला आठवत नाही. विशेषतः लग्नपत्रिका. मी एकदा हौसेने एका ओळखीच्या घरची पत्रिका तशी जुळवली. मुलीच्या काकांनी प्रूफ पाहून विचारलं, "आमचं नाव खाली का?" मी म्हटलं, अहो नेहमीही खालीच असतं. ते म्हणाले, "नेहमी खाली असतं, पण खालचं वाटत नाही."

हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं डोक्यात घोळवलं. मधोमध लावलं की सगळी नावं समारंभाला उभी राहिल्यासारखी दिसतात. डावीकडून लावलं की यादी होते, आणि यादी म्हटली की पहिला कोण हे आलंच. अनुस्वार, तुमच्या मुखपृष्ठावर नावं किती आहेत?

अनुस्वार
काका, नमस्कार तुम्हाला. मुखपृष्ठावर नावं नाहीत असं मी ठरवलं होतं. समितीने ठरवलंय की ११ आहेत.

बाझलवासी
काकांचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा. आणि चिखोल्डचं मूळ म्हणणं तेच तर होतं. मांडणी मजकुराच्या अर्थावरून ठरवा, म्हणजे यातलं महत्त्वाचं काय, त्याखालचं काय, हे आधी ठरवा. ताईंच्या समितीला डावी बाजू नकोय असं नाही, त्यांना ठरवायचंच नाहीये.

वाचकमात्र
+१ काकांना.

कोरा_कागद
एक भाबडा प्रश्न. त्या बाऊहाऊसवाल्यांनी म्हणे कॅपिटल अक्षरंच बंद केली होती?

बाझलवासी
हो. १९२५ मध्ये, शाळा वायमारहून देसाऊला गेली तेव्हापासून. तिथला शिक्षक हेर्बर्ट बायर याने केलेल्या पत्राच्या कागदावर तळाशी छापलेलंच असायचं की आम्ही सगळं लहान अक्षरांत लिहितो, त्यात वेळ वाचतो. शिवाय बोलताना कुठे आपण मोठं अक्षर बोलतो, मग लिहायचं कशाला, असा युक्तिवाद. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, त्यामुळे तिकडे हे म्हणजे आपल्याकडे कोणी ऱ्हस्व-दीर्घ काढून टाकण्यासारखं. युद्धानंतर उल्मच्या शाळेनेही तोच लहान अक्षरांचा रिवाज चालवला.

यामागे वाल्टर पोर्स्टमान नावाचा एक मजेदार माणूस आहे. त्याने १९२० मध्ये भाषा आणि लिपीवर पुस्तक लिहून मोठी अक्षरं नकोत असं मांडलं, आणि बायरच्या त्या कागदावर याच पुस्तकाचा हवाला आहे. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, त्यानेच जर्मनीची कागदाची मापं बसवली. तुम्ही रोज वापरता तो ए४ कागद पोर्स्टमानचा. अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, ही त्यातली गंमत. कागदाचं ऐकलं जगाने, अक्षरांचं नाही.

चकटफू
एवढी खटपट करण्यापेक्षा बाऊहाऊसने देवनागरी घेतली असती तर? मुळात कॅपिटलच नाही. प्रश्न मिटला असता, वेळ वाचला असता, आणि त्या वाचलेल्या वेळात जोडाक्षरं शिकता आली असती.

पानवेल
चकटफू, तुम्ही थट्टा केलीत, पण त्याच दशकांत आपल्याकडे नेमकी अशीच भानगड चालू होती. रत्नागिरीत सावरकरांची लिपिशुद्धी. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरं कशाला, 'अ'लाच काना-मात्रा लावा. अि, अी, अु, अू, अे, अै. छपाई आणि टंकलेखनाला सोपं. आजोबांच्या माळ्यावर 'किर्लोस्कर'चे जुने अंक होते, त्यात 'अेक' आणि 'अितिहास' असंच छापलेलं. मी लहानपणी ते 'अ-एक' असं वाचायचो.

लायनोटाइप या अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या मुख्य मॅगझिनमध्ये (अक्षरांच्या साच्यांच्या पेटीत) ९० खाचा. रोमनला ऐसपैस, देवनागरीला खुराडं. तेव्हा तिकडे देसाऊ, इकडे रत्नागिरी, दोन्हीकडे यंत्रापुढे लिपीला कातरी लावायचा विचार चालला होता. एकमेकांची गंधवार्ता नसताना.

शंकासुर
सावरकरांचं नाव आलं, आता धागा दोनशे प्रतिसाद गाठणार.

संपादक मंडळ
धागा टायपोग्राफीचा आहे, तो तसाच राहू द्यावा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

प्रवासी_पक्षी
अप्रत्यक्षपणे राजकारणाचंच लिहितोय, पण जर्मनीतल्या. चालेल अशी आशा.

वायमारला गेलो होतो. गोएथेचं घर, बाऊहाऊसचं संग्रहालय बघून झालं आणि दुपारी बसने बुखेनवाल्डला गेलो, फार लांब नाही. छळछावणीच्या लोखंडी फाटकात एक वाक्य घडवलंय, 'येडेम दास झाइने', ज्याचं त्याला. त्याची अक्षरं आतून वाचता येतील अशी बसवलीत, म्हणजे बाहेरच्यांसाठी नाहीत, कैद्यांसाठी. आणि ती अक्षरं सुंदर आहेत. साधी, मोजकी, एकसारखी जाडीची. ती फ्रान्त्स एरलिश या कैद्याने रेखली. देसाऊच्या बाऊहाऊसचा विद्यार्थी, कम्युनिस्ट म्हणून धरलेला. ज्या शाळेला नात्झींनी बंद पाडलं तिचीच अक्षरं त्यांच्या फाटकावर, आणि पहारेकऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो, फोटो काढावासा वाटला नाही.

उलट बाजूही आहे. वर ज्याचं नाव आलं तो हेर्बर्ट बायर १९३८ मध्ये अमेरिकेला गेला खरा, पण त्याआधी बर्लिनमध्ये सरकारी प्रदर्शनांच्या पुस्तिका त्याने करून दिल्या. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळची 'डॉइचलांड' प्रदर्शनाची पुस्तिका त्याचीच. तेव्हा स्वच्छ अक्षर म्हणजे स्वच्छ माणूस असं काही नसतं. ४४ वर्षांचा चिखोल्ड जे बोलला ते म्हणूनच मला पटत नाही. शिस्तीचा सोस आणि नात्झी यांची सोयरीक लावायला सोपी, पण नात्झींनी त्याला पकडलं होतं ते याच शिस्तीच्या पोस्टर्ससाठी ना?

शंकासुर
इथे मात्र मी दुसरी बाजू मांडतो. नात्झींना अक्षरांचं सोयरसुतक होतं हेच खोटं. आधी म्हणे काळी, टोकदार फ्राक्टुर लिपी हीच अस्सल जर्मन. मग ३ जानेवारी १९४१ ला नात्झी पक्षाचा बडा पदाधिकारी बोरमान याने फतवा काढला की ती ज्यूंची अक्षरं आहेत, सगळं रोमनमध्ये छापा. कारण ताब्यात घेतलेल्या देशांत फ्राक्टुर कोणाला वाचता येईना. आणि फतव्याच्या कागदावरचं छापील शीर्षक कुठल्या लिपीत होतं? फ्राक्टुरच! जुना कागद संपवायचा असणार. सरकारी कार्यालयं सगळीकडची सारखीच.

चकटफू
हसून हसून पुरेवाट. 'जुनी स्टेशनरी संपेपर्यंत जुनी विचारसरणी वापरावी.'

तिरपी_रेघ
प्रवासी_पक्षी, फाटकाबद्दल माहीत नव्हतं. हे वाचून कामात लक्ष लागेना.

चिखोल्डच्या बाजूने थोडं. बिलशी झालेल्या त्या भांडणात त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो, तो क्वचित कोणी सांगतं. यंत्राची भक्ती करणाऱ्याला त्या यंत्रापुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराचं काही नसतं, त्याच्या हातातलं कसब जातं, अशा अर्थाचं तो म्हणाला. बिल चित्रकार, शिल्पकार, वास्तुरचनाकार. चिखोल्ड मात्र सतत जुळाऱ्यांच्या संगतीत वावरलेला. तो १९४७ ते १९४९ लंडनजवळ पेंग्विन या प्रकाशनसंस्थेत होता, पाचशेहून जास्त पुस्तकं हाताखालून काढली. तिथे त्याने पहिलं काम काय केलं, तर चार पानांची नियमावली. स्वल्पविरामानंतर जागा किती, परिच्छेदाला सुरुवात कुठून, अवतरणचिन्हं कोणती. मोठ्या अक्षरांमधलं अंतर मोजून नव्हे, डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवा, हे सांगून सांगून थकला तेव्हा त्याने त्या वाक्याचा रबरी शिक्काच बनवून घेतला आणि प्रुफांवर मारत सुटला.

खिळे_जुळवा
हा माणूस आमच्यातला. शिक्का मला सुचायला हवा होता. मी 'अनुस्वार तपासा' असा केला असता. (धागाकर्तीने हलके घ्यावे.)

सरळसोट
एक मान्य करतो. जाळीची शिस्त बाझलच्या पोरांनाही पुढे जाच झाली. ज्या शाळेत एमिल रूडर मोजूनमापून शिकवायचे तिथेच १९६८ पासून वोल्फगांग वाइनगार्ट शिकवू लागला आणि त्याने ओळी तिरक्या केल्या, अक्षरं फाकवली, एकावर एक छापली. पण नियम मोडायला आधी ते यावे लागतात, या मतावर मी ठाम आहे.

शंकासुर
हे वाक्य मी दर गायनाच्या धाग्यावर वाचतो.

न्यूजर्सीकर
उशिरा आलो. न्यूयॉर्कच्या सबवेचा (भुयारी रेल्वेचा) डिझाइनर मासिमो विन्येलीने केलेला १९७२ चा नकाशा कोणी आणला नाही? सगळ्या रेषा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशात, सेंट्रल पार्क चौकोनी, पाणी चक्क बदामी रंगाचं. डिझाइनवाल्यांना देव भेटला, प्रवासी वैतागले, १९७९ मध्ये काढून टाकला. आणि २०२५ मध्ये जो नवा अधिकृत नकाशा आला तो बराचसा त्याच्याच वळणाचा! आमची ही म्हणते, थांबलं की साड्यांची फॅशन पण येते परत.

अनुस्वार
सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, त्याचा वृत्तांत.

काकांचं 'खालचं वाटत नाही' मी शब्दशः सांगितलं. शांतता. मग विचारलं, ११ नावांत पहिलं कोणाचं ते ठरवा, मी डावीकडून लावून देते. अध्यक्षांनी कार्याध्यक्षांकडे पाहिलं, कार्याध्यक्षांनी पंख्याकडे. पाऊण तासाने ठराव झाला की मुखपृष्ठावर एकही नाव नको, सगळी आतल्या पानावर, मधोमध. मुखपृष्ठ डावीकडूनच! चिखोल्डच्या दोन्ही वयांना न्याय मिळाला म्हणायचा.

आता आतल्या पानांचा प्रश्न. आकार ए५ घेतलाय. समास किती ठेवू? आणि मजकूर दोन्हीकडून सरळ कापलेला की उजवीकडे मोकळा?

तिरपी_रेघ
एक स्तंभ असेल तर दोन्हीकडून सरळ चालेल. दोन स्तंभ केलेत तर उजवीकडे मोकळा सोडा. मराठीत 'कार्यकारिणीच्या', 'ग्रंथपालांच्या' असे लांब शब्द, आपल्याकडे शब्द तोडायची सवय नाही, मग अरुंद स्तंभात शब्दांच्या मध्ये खड्डे पडतात. वर्तमानपत्रात पाहिले असतील. ओळींत अंतर सढळ ठेवा, वेलांट्या-उकारांना श्वास घेऊ दे.

बाझलवासी
समासाचं चिखोल्डच सांगून गेलाय. जुन्या हस्तलिखितांची पानं मोजून त्याने १९५३ च्या सुमारास एक प्रमाण मांडलं. पान २:३ चं असेल तर आतला, वरचा, बाहेरचा, खालचा समास २:३:४:६. तसं केलं की मजकुराच्या चौकोनाची उंची पानाच्या रुंदीइतकी येते. फक्त एक गोची आहे. तुमचं ए५ पान २:३ पेक्षा रुंद पडतं. त्याचं १९२८ चं पुस्तक ए५ मध्येच होतं, आणि म्हातारपणी तोच म्हणायचा की हातात धरायच्या पुस्तकाला हा आकार बरा नाही.

खिळे_जुळवा
कागद आला असेल तर आता आकार बदलू नका. आतला समास मात्र कमी करू नका, पिना मारल्या की अक्षरं घडीत जातात. खाली जास्त सोडा, वाचणाऱ्याचा अंगठा तिथे असतो.

अनुस्वार
काका, अंगठ्याचं लक्षात ठेवते. प्रूफ आज दुपारी आलं, मुखपृष्ठ छान दिसतंय. फक्त आत्ता खजिनदारांचा फोन होता. उजवीकडे एवढी मोकळी जागा राहिलीच आहे, तर तिथे पेढ्यांच्या दुकानाची जाहिरात घेऊ म्हणतायत. दर काय लावावा असं विचारत होते.

चकटफू
पूर्ण पानाचा लावा. मोकळी जागा हीसुद्धा मांडणीच.

खिळे_जुळवा
घेतलीच तर मधोमध लावू नका.